वुमकर नावाचा वैमानिक

उत्तर फ्रान्समध्ये, आमियां शहराच्या आग्नेयेला हांगार नावाचं एक खेडं आहे. गावच्या दफनभूमीला लागूनच पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आहेत. त्यातली एक मुंबईच्या मुलाची आहे: लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, रॉयल एअर फोर्स, मृत्यू ३० जून १९१८. शिळेवर इंग्रजीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा मराठीत अर्थ साधारण असा होईल: साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्मान्य स्मृतीस.

हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. एका ओळीवर एवढं लांबण लावायचं म्हणजे जरा अतीच होतं, हे मान्य. पण कवितेच्या एका ओळीवर लोक प्रबंध लिहितात, आणि ही ओळ तर कुणीतरी विचार करून, पुन्हा खोडता येणार नाही अशा जागी लिहायला दिली होती. मी हांगारला गेलेलो नाही. ही शिळा मी फोटोतून आणि नोंदींतून वाचली आहे. तिच्यापर्यंत पोचलो ते मात्र भलत्याच वाटेने, नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावातून.

आमच्या घरात एक गोष्ट आहे. गोष्ट कसली, एक वाक्य आहे: पणजोबांचे धाकटे भाऊ 'बसऱ्याच्या लढाईला गेले आन् आलेच नाहीत'. बस. फोटो नाही, पत्र नाही. पदक होतं म्हणतात, ते पुढे कुठल्यातरी दुष्काळात मोडून खाल्लं. लॉकडाऊनमध्ये मला हा माणूस शोधायची हुक्की आली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी आहे, ती कुणालाही चाळता येते. माझी नोकरी बॅकएंडची. दोन वेगवेगळ्या याद्यांतला माणूस एकच आहे की दोन, हे ठरवणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काही वर्षं कामच होतं. म्हटलं, हे तर आपलंच क्षेत्र. पण हिंदी शिपायांच्या नोंदी वाचायला लागलं की माज उतरतो. आडनाव बहुतेकदा नाहीच. नाव एक, बापाचं नाव एक, गाव, जिल्हा, आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने कानावर पडलं तसं रोमन लिपीत उतरवलेलं. नगर जिल्ह्याचंच स्पेलिंग 'अहमद' धरून केलेलं वेगळं, 'अहमेद' धरून केलेलं वेगळं. आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, आणि एसटी स्टँडवर आजही लोक 'नगर' एवढंच म्हणतात. यादीत जुळवायला हाताशी धरावं असं एकही पद स्थिर नाही.

आमचे आजोबा सापडेनात, म्हणून मी सापडण्यासारखं काहीतरी शोधायला लागलो. शेवटी 'कर' येणारी सगळी आडनावं काढली. त्यात वेलिणकर आले.

केंब्रिजच्या जीझस कॉलेजात ते शिकत होते. युद्ध सुरू झालं आणि त्यांना उडायचं होतं. लढणाऱ्या सैन्यात हिंदी माणसाने शिपाई व्हावं, चढत चढत सुभेदार-मेजर व्हावं, ही सोय होती. राजाचं कमिशन घेऊन गोऱ्यांच्या मेसमध्ये बरोबरीने बसणं १९१७पर्यंत जवळपास बंद होतं. त्या काळात जी चार हिंदी नावं हवाई दलात दिसतात, त्यांची भरतीची कथाच मुळात खटपटीची आहे. हरदित सिंग मलिक यांनी आधी फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवली. फ्रेंच हवाई दल त्यांना घ्यायला तयार झालं, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरुजींनी वरपर्यंत पत्र लिहिलं आणि मग इंग्रजांना जाग आली. इंद्रलाल रॉय यांना डोळे अधू म्हणून नाकारलं. त्यांनी मोटरसायकल विकून दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरकडून डोळे तपासून घेतले. एरॉल सेन विमान पडून जर्मनांचे कैदी झाले. वेलिणकर यांनाही दार सहज उघडलं नाही. १९१७मध्ये कमिशन मिळालं आणि १९१८च्या उन्हाळ्यात ते २३व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत होते. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई. आकाश बघायला उत्तम, आणि विमान जमिनीवर उलटलं तर मान मोडायला त्याहून उत्तम.

२७ जूनला ते उड्डाणावर गेले आणि परतले नाहीत. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले, तीन दिवसांनी वारले. जर्मनांनी त्यांना पुरलं आणि नाव नोंदलं: ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर. हा वुमकर म्हणजेच वेलिणकर, हे युद्ध संपल्यावर शोध घेतला तेव्हा कळलं.

मी या वुमकरपाशी बराच वेळ अडकलो. ही चूक कशी झाली असेल हे मला जवळजवळ दिसतं. रोमन हस्ताक्षरात सलग लिहिलेलं 'वेलिणकर' डोळ्यांसमोर आणा. मधली अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा, कुठली रेघ कुठल्या अक्षराची हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. बघणाऱ्याने त्या रेघा वेगळ्या मोजल्या आणि वेलिणचं वुम झालं. स्कॅन केलेल्या कागदावर आमचे प्रोग्रॅम आजही नेमकी हीच चूक करतात. पण चुकीत काय टिकलं तेही बघायला हवं. आद्याक्षरं बरोबर आली. शेवटचं 'कर' बरोबर आलं. हुद्द्यावरून अधिकारी आहे हे कळलं. शत्रूच्या कुणा कारकुनाने, ज्याने हे आडनाव जन्मात ऐकलं नव्हतं, कागदावर जे दिसलं ते जमेल तेवढं उतरवलं. वेलिणकरांचा पहिला मृत्युलेख हा असा आहे: सगळा मिळून एक हुद्दा आणि एक चुकलेलं नाव, आणि त्यात कसलंही मत नाही.

दुसरा मृत्युलेख आज शिळेवर आहे तो. त्यात नाव बरोबर आहे आणि जोडीला मत आहे.

या दुसऱ्या लेखाची चौकट आधी समजून घ्यायला हवी. मे १९१७मध्ये, फेबियन वेअर यांच्या खटपटीतून, इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश म्यूझियमचे संचालक फ्रेडरिक केनियन यांनी या दफनभूमी कशा असाव्यात याचा आराखडा दिला. त्यातले मुद्दे आज साधे वाटतात, तेव्हा भांडणाचे होते. मृतदेह घरी न्यायचा नाही, मग घर कितीही श्रीमंत असो. जनरल आणि शिपाई यांच्या शिळांचा आकार एकच. दगड कायमचा. मजकुराची जागाही ठरलेली: वर पलटणीचं किंवा दलाचं चिन्ह, मग हुद्दा, नाव, तारीख, वय, घरच्यांना हवं असल्यास धर्माचं चिन्ह. आणि सगळ्यांत खाली, घरच्यांसाठी, एक ओळ. तिला मर्यादा ६६ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. दर अक्षरी साडेतीन पेन्स, पुढे तो ऐच्छिक झाला. न्यूझीलंडने तर आपल्या सैनिकांसाठी ही ओळच नको म्हटलं, पैशावरून समानता मोडायला नको म्हणून. कमिशनचे शब्दांचे सल्लागार होते रुडयार्ड किपलिंग, ज्यांचा स्वतःचा मुलगा १९१५मध्ये लूसच्या लढाईत गेला आणि बापाच्या हयातीत ज्याची कबर सापडली नाही.

वेलिणकरांची ओळ मोजली तर जागा आणि चिन्ह धरून ५८ अक्षरं भरते. आठ अक्षरं शिल्लक आहेत. 'बॉम्बे' इंग्रजीत सहा अक्षरांचं आहे.

मोजणं हा माझा धंद्यातला दोष, पण इथे त्याचा उपयोग आहे. कारण हे ६६ अक्षरांचं लेखन म्हणजे एक वाङ्मयप्रकारच आहे, आणि त्याचे नमुने बघायला फ्रान्सला जावं लागत नाही. पुण्यात खडकीला, होळकर पुलाच्या बाजूला, कमिशनची युद्धदफनभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी इथे हलवल्या. १,६६८ आहेत. मी पुण्यात सहा वर्षं राहतोय आणि तिथे पहिल्यांदा गेलो ते वेलिणकर वाचल्यानंतर, एका रविवारी सकाळी. हिरवळ इतकी नीट कापलेली की चप्पल काढावीशी वाटते. रॉयल एअर फोर्सच्या शिळा लांबूनच ओळखू येतात, पंख पसरलेल्या पक्ष्यामुळे. जवळ गेलं की वय दिसतं. २०, २१, २३. आमच्या कंपनीत कॅम्पसमधून येणारी पोरं या वयाची असतात.

तिथे रांगेने वाचत गेलो की एक गोष्ट लक्षात येते. दगडाचा वरचा भाग ऑफिसने लिहिलेला आहे आणि खालचा भाग घराने. वर हुद्दा, क्रमांक, तारीख. सगळं एका ठशाचं. खाली एकदम आई बोलायला लागते. बायको बोलते, क्वचित लेकरू बोलतं. कुठे घरचं लाडकं नाव, कुठे प्रार्थनेतली अर्धी ओळ, कुठे नुसतं गावाचं नाव. बहुतेक वाक्यं चांगली नाहीत. म्हणजे साहित्य म्हणून बघायला गेलं तर ती घासून गुळगुळीत झालेली आहेत, शंभरातल्या साठांत त्याच त्या चार कल्पना. पण ती घरची आहेत हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि ज्या आईने कधीच समुद्र ओलांडला नसेल तिचं एक वाक्य खडकीत उन्हात पडलेलं बघून पोटात कालवतं.

आता हांगारकडे वळू. तिथे तीच जागा आहे, घराची. आणि त्या जागेत पुन्हा ऑफिसच बोलतंय. आई नाही, मुंबई नाही, मराठी किंवा संस्कृत तर दूरच. 'पुत्र' हा शब्द आहे, पण तो साम्राज्याचा पुत्र. पहिल्या वाचनात मी चिडलो. वाटलं, घराला एकच ओळ मिळाली होती, तीही सरकारजमा झाली.

हा राग वाढायला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे इंद्रलाल रॉय यांची शिळा. रॉय कलकत्त्याचे. ६ ते १९ जुलै १९१८ या दिवसांत त्यांच्या नावावर दहा हवाई विजय लागले, आणि २२ जुलैला ते पडले. एस्तव्हेल नावाच्या, हांगारसारख्याच एका फ्रेंच खेड्यात त्यांची कबर आहे. त्यांच्या शिळेवर फ्रेंच ओळ आहे आणि बंगालीही आहे, बंगाली लिपीत. अर्थ असा: महावीराची समाधी, आदर दाखवा, स्पर्श करू नका. साहित्य म्हणून ही ओळ वेलिणकरांच्या ओळीपेक्षा कितीतरी सरस आहे, यात मला शंका नाही. एक तर ती कुणाशी तरी बोलते, समोर उभ्या असलेल्या माणसाला आज्ञा करते. दुसरं म्हणजे 'समाधी' म्हटल्याबरोबर कबरीचा अर्थच पालटतो, आणि 'स्पर्श करू नका' म्हटल्यावर जागा सोवळ्यात जाते. आणि तिसरं, त्या गावात बंगाली वाचणारं कोण असणार? ती आज्ञा कुणाला कळणार नाही हे माहीत असूनही आपल्या लिपीत दिलेली आहे. कमिशनच्या चौकटीत बसूनही ती चौकटीच्या बाहेर बघते. फ्रेंच ओळ गावासाठी, बंगाली ओळ घरासाठी, असा हा हिशेब.

इथे लेख संपवता आला असता: बंगाल्यांनी लिपी नेली, आपण साम्राज्य नेलं. तसा लेख लोकप्रियही होतो. पण वेलिणकरांची ओळ परत परत वाचताना मला तिच्यात दुसरंही काही ऐकू यायला लागलं.

ती लिहिली गेली तो काळ आठवू. वेलिणकर पडले त्याच्या सतराच दिवस आधी, १० जून १९१८ला, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली होती. माणसं द्या, पैसा द्या, हा विषय. टिळक बोलायला उठले आणि मदत आणि स्वराज्य यांची सांगड घालायला लागले, तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना थांबवलं. टिळक सभा सोडून निघून गेले. त्याच महिन्यात गांधी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून फौजेसाठी माणसं गोळा करत होते. दोघांचाही हिशेब मुळात एक होता: आम्ही बरोबरीने मरतो, बरोबरीने वागवा. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जालियनवाला बाग झाली आणि त्या हिशेबाचं काय झालं ते सगळ्यांना दिसलं. दगड घडवण्याचं काम त्यानंतरच्या वर्षांत चाललं.

या पार्श्वभूमीवर 'साम्राज्याचा पुत्र' हे शब्द एका हिंदी माणसाच्या शिळेवर बसले की ते निव्वळ भक्तीचे राहत नाहीत. एखादा गोरा टॉमी साम्राज्याचा पुत्र आहे हे लिहायची गरजच नव्हती. ते गृहीत होतं. ज्याला गृहीत धरलं गेलं नाही त्यालाच ते लिहून घ्यावं लागतं. ज्या हवाई दलाने हिंदी मुलाला आत घ्यायला एवढा वेळ लावला, त्याच्याच चिन्हाखाली, त्याच दगडावर, त्याच सरकारच्या खर्चाने हे शब्द कोरून घेतले आहेत. मला ती ओळ आता पावतीसारखी वाटते. कर्ज दिलेल्याने सही-शिक्क्यानिशी कागद करून ठेवावा तशी. पावतीत काव्य नसतं, ती ऋणकोच्याच भाषेत असावी लागते, आणि देणं बुडालं तरी कागद राहतो.

हे माझं वाचन आहे, आणि ओळीला ते पेलतं का यावर वाद घालता येईल. 'पुत्रांपैकी एक' मधला 'पैकी' मला अजूनही खटकतो. पावती करणाऱ्याने एवढं नमतं घ्यायला नको होतं. पण चांगल्या ओळीला एक अर्थ असतो आणि वाईट ओळीला एकही नसतो, असं काही नाही. ही सुमार ओळ आहे आणि तिला दोन अर्थ आहेत, एकमेकांच्या उरावर बसलेले.

नावाबद्दल मात्र एक राहून जातं. दगडावर देवनागरी नसल्यामुळे हे आडनाव मराठीत लिहायची वेळ आली की मला वुमकरवाल्या जर्मन कारकुनाच्या खुर्चीत बसावं लागतं. वेलिणकर की वेलिंगकर? रोमन स्पेलिंगमध्ये 'जी' नाही, म्हणून मी वेलिणकर लिहितोय. शिळेवर एक ओळ देवनागरीत असती तर हा प्रश्न पडला नसता. रॉय यांच्या बाबतीत तो पडत नाही.

एवढं करूनही वेलिणकर भाग्यवान म्हणायचे, आणि हे मला बसऱ्याकडे परत आणतं. पुण्याचं नाव लावणारं सहावं डिव्हिजन मेसोपोटेमियात गेलं. कुत-अल-अमारा इथे पाच महिने वेढ्यात अडकलं आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेलं. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. घाटावरची, कोकणातली माणसं. त्या मोहिमेत मेलेल्या आणि कबर नसलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, १९२९मध्ये. ४०,०००हून जास्त माणसांसाठी. तिथे ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा होता. अमुक पलटण, तमुक माणसं.

म्हणजे केनियनचा नियम, की जनरल आणि शिपाई एक, हा युरोपच्या मातीत पाळला आणि बसऱ्यात मोडला. कमिशनने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१मध्ये आला. त्यात हे मान्य केलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचं, ज्यांत प्रामुख्याने हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसं होती, स्मरण असमान रीतीने झालं. आणखी किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,०००पर्यंत माणसांचं नावानिशी स्मरण झालंच नाही किंवा मुळीच झालं नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. मी तो अहवाल ऑफिसच्या लॅपटॉपवर वाचला, आणि किमान आणि कमाल यांच्यातला तो दोन लाखांवरचा फरक बघत बसलो. आमच्याकडे नोंदींच्या संख्येत एवढी तफावत आली तर रात्री दोनला फोन येतो.

आकडा लिहायची पद्धत परदेशातच होती असंही नाही. युद्धानंतर सरकारने हिंदुस्थानातल्या गावोगावी दगडी पाट्या बसवल्या, आपल्याकडच्या कितीतरी गावांत त्या अजून आहेत. मजकूर ठरलेला: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ परतले नाहीत. त्या गावाच्या नावापुढे आज 'मिलिटरी' लागतं. ज्या गावात प्रत्येक माणूस प्रत्येकाला ओळखत होता, जिथे नावं विचारायला कारकुनाला चावडीवरून उठावंही लागलं नसतं, तिथेही आकडाच लिहिला. पत्ता सापडत नव्हता असं इथे म्हणता येत नाही. नाव लिहायची माणसं वेगळी आणि मोजायची माणसं वेगळी, एवढंच.

आता आपल्या घरचं. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे तीन वीरगळ आहेत. नगर जिल्ह्यात काय, महाराष्ट्रभर असे दगड पडलेले आहेत. खालच्या चौकटीत लढाई, कधी शेजारी गायी, म्हणजे गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना गेलेला. त्यावर त्याला हात धरून वर नेणाऱ्या अप्सरा. त्यावर तोच माणूस पिंडीसमोर बसलेला. माथ्यावर कलश, आणि बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. कर्नाटकात अशा दगडांवर पुष्कळदा लेख असतो. आपल्याकडच्या बहुतेकांवर अक्षरसुद्धा नाही. चंद्र-सूर्य आहेत, नाव नाही.

लहानपणी आम्ही त्यांना 'वीर' म्हणायचो आणि शेंदूर लागलेला असल्यामुळे पाय लावायचो नाही. शेंदूर न लागलेल्या चौथ्यावर गल्लीतल्या बायका धुणं आपटायच्या. मला मोह होतो म्हणायचा की वीरगळ हे कमिशनच्या दगडापेक्षा थोर, कारण त्यात गोष्ट आहे, चित्र आहे, पूजा आहे, घराची ओळ शेवटी कुठेतरी कोपऱ्यात बसवलेली नाही. पण ते खरं नाही. वीरगळ घडवायला पैसा लागायचा. ज्याच्या मागे कुणी नव्हतं त्याचा वीरगळ नाही. आणि नाव गेल्यावर उरतो तो ठसा. तिन्ही दगडांवरचे तिन्ही वीर एकाच चेहऱ्याचे आहेत. समान शिळा द्यायचा निर्णय केनियनने घेतला तो हट्टाने, आमच्या पाथरवटाकडून तो सवयीने झाला. दोन्हींत मेलेल्या माणसाची खूण बुजतेच. फरक एवढाच की एकावर नाव आहे, आणि नाव असलं की चूक दुरुस्त करता येते. वुमकरचा वेलिणकर झाला तो काहीतरी लिहिलेलं होतं म्हणून. आकड्यात आणि चित्रात दुरुस्त करायला काही सापडतच नाही.

हल्ली वेलिणकर, रॉय यांची नावं अधूनमधून फिरतात. 'इतिहासाने विसरलेला वीर', पाठीमागे तिरंगा, खाली लढाऊ विमान, तेही पुष्कळदा चुकीच्या युद्धातलं. मला या मजकुरांचा राग येतो तो त्यांच्या भाबडेपणामुळे नाही. ते शिळा वाचत नाहीत म्हणून येतो. शिळेवर साम्राज्य लिहिलं आहे. ते पुसून तिथे देश लिहिला की काम सोपं होतं, पण मग तो माणूस कुठल्या पेचात जगला आणि त्याच्यामागे उरलेल्यांनी कुठल्या पेचात ती ५८ अक्षरं निवडली, हे सगळं जातं. एकदा साम्राज्याने पुत्र केला, आता आपण करतोय. घरची ओळ अजून रिकामीच.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आजीला खडकीचे फोटो दाखवले. रांगा बघून तिला वाटलं रोपवाटिका आहे. मग एका शिळेवर बोट ठेवून मी वाचून दाखवलं: वय २१, सार्जंट, एअर फोर्स. तिने विचारलं, "कुणाचा रं ह्यो?" आमच्याकडे अनोळखी माणसाबद्दल पहिला प्रश्न हाच असतो, नाव मागून येतं. मी म्हटलं, इंग्लंडचा. ती म्हणाली, "तसं न्हाई. आई-बापाचं नाव न्हाई का लिव्हलेलं?" कमिशनच्या यादीत ते लिहिलेलं होतं, मी काढून दाखवलं. मग तिने बसऱ्याच्या आजोबांचं विचारलं. त्यांच्या बापाचं नाव तिला आठवत होतं, पण कागदोपत्रीचं नाही. घरात हाक मारायचे ते.

ते मी लिहून घेतलं. त्याची रोमनमध्ये जितकी स्पेलिंगं होऊ शकतात त्यांची यादी केली, ३४ झाली. जिल्ह्याची तीन आणि तालुक्याची पाच धरली तर ५१० जोड्या होतात. आतापर्यंत पहिल्या ६० बघून झाल्यात.